मास्तरांच्या नावावर

"हे 'नो' इथे कुणी लिहिलं?" कंपनीकडून आलेल्या इंजिनिअर बाईंनी विचारलं, आणि स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी वळवली.

जिन्याखालच्या त्या खोलीत दोन माणसं उभी राहायचे वांधे, आणि आज चौघं होती. खुर्चीवर बाई, त्यांच्या मागे वाकून बघणारे मोठे डॉक्टर, दारात काउंटरवाल्या ताई, आणि भिंतीला पाठ लावून सर्व्हरभाऊ. दवाखान्यात त्याला सगळे सर्व्हरभाऊच म्हणत. पगारपत्रकावर त्याचं काहीतरी वेगळं नाव असणारच, पण ते हाक मारून वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाई खरं तर नवीन एक्स-रे मशीन सर्व्हरला जोडायला आल्या होत्या. सकाळी त्यांनी भाऊला पासवर्ड टाकून, एक ओळ टाइप करून, नेटवर्कचा हिरवा दिवा लुकलुकायला लागेपर्यंत उभं राहिलेलं पाहिलं आणि विचारलं, "हे रोज करता?" "रोज," भाऊ म्हणाला होता, आणि म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली होती. आता ती मान कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

"हे बघा," बाई डॉक्टरांना समजावत होत्या, "सर्व्हर चालू झाला की नेटवर्कची ही जोडणी आपोआप सुरू करायची की नाही, ते लिनक्स प्रणालीत इथे लिहिलेलं असतं. ऑटोकनेक्ट. त्याच्यापुढे कुणीतरी 'नो' टाकून ठेवलंय. मशीन बिचारं सांगितलेलं ऐकतंय. जोडू नको म्हटलंय, म्हणून जोडत नाही."

"म्हणजे नेटवर्क कार्ड खराब नाही?"

"कार्ड ठणठणीत आहे."

"झोपाळूही नाही?" डॉक्टरांनी विचारलं. "आमचे भाऊ म्हणतात, हे कार्ड झोपाळू आहे. स्वतःहून उठत नाही, उठवावं लागतं."

बाईंना हसू आलं. त्यांनी 'नो' खोडलं, 'येस' लिहिलं, सर्व्हर बंद करून परत चालू केला आणि हाताची घडी घालून बसल्या. पंखा घरघरला, पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या, आणि कुणी बोटही न लावता हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"अगंबाई!" काउंटरवाल्या ताई ओरडल्याच. "आलं की हो! भाऊंनी हातसुद्धा लावला नाही!"

"मग हे केलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. रागाने नाही हं. चष्मा कुठे ठेवला असं विचारावं, तितकं सहज.

आणि सर्व्हरभाऊ म्हणाला, "मास्तरांच्या वेळचं असेल."

बोलून गेला. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच त्याला ठाऊक होतं की हे खोटं आहे. स्क्रीनवर ते 'नो' दिसल्याक्षणी त्याला सगळं आठवलं होतं. पण चार माणसांत अंगावर आलेलं झटकायचं म्हणजे हाताला जवळ असेल त्याच्यावर झटकायचं, आणि मास्तर तर बिचारे तिथे नव्हतेच.

मास्तर म्हणजे त्याच्या आधी हे खातं सांभाळणारे. दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा डॉक्टरांपासून आयांपर्यंत सगळ्यांना त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. भाऊ त्यांच्या हाताखाली आला तेव्हा त्याला माऊस नीट धरता येत नव्हता. मास्तरांनी त्याचा पंजा आपल्या पंजाखाली घेऊन टेबलावर फिरवला होता. शिव्या घातल्या नाहीत, चिडले नाहीत. एकच अट होती: सर्व्हरला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात भाऊने हात लावला. कपाटात एक जादा नेटवर्क कार्ड पडलं होतं. लावून तर बघू, दुप्पट वेगाने चालेल, असं त्याच्या डोक्यात आलं. दोन्ही कार्डं एकदम सुरू व्हायची आणि एकमेकांच्या पायात पाय घालायची. तेव्हा जुन्या कार्डाला त्याने सांगितलं, आजच्या दिवसापुरता गप्प बस, आपणहून सुरू होऊ नकोस. 'नो' लिहिलं. संध्याकाळपर्यंत प्रयोग फसला, नवं कार्ड परत कपाटात गेलं, जुनं त्याने हाताने चालू केलं, आणि ते 'नो' तसंच राहिलं.

लक्षात यायचं कारणही नव्हतं. सर्व्हर तेव्हा रात्रंदिवस चालूच असायचा. पुढे कित्येक महिन्यांनी तळघरात एक वायर जळाली आणि डॉक्टरांनी फर्मान काढलं, की रात्री दवाखाना बंद झाला की वॉचमनने मेन स्विच पाडायचा, सकाळी वर करायचा. पहिल्याच सकाळी मशीन उठलं, पण नेटवर्क उठलं नाही. बाहेर पेशंटची रांग दारापर्यंत आलेली, काउंटरवर एकाचाही केसपेपर निघेना. भाऊने केबल बदलली, खोके उलटेसुलटे केले, शेवटी हाताने ती ओळ टाइप केली तेव्हा घोडं पुढे गेलं. रात्रीच्या झटक्याने कार्ड बिघडलं असणार, असं त्याने ठरवून टाकलं. नंतर बाजारातून कोरं कार्ड आणून त्याच्या जागी टाकून पाहिलं. तेही झोपाळूच निघालं. दोन कार्डं एकाच आजाराची कशी निघतील, असा प्रश्न त्याला तेव्हा पडायला हवा होता. पडलाही असेल. पण मास्तरांना विचारायचं म्हणजे हात कधी लावला ते सांगावं लागणार, आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करावं लागणार. त्यापेक्षा सकाळी लवकर येणं सोपं वाटलं.

मग तेच त्याचं काम झालं. आणि खरं सांगायचं तर, त्यातच त्याची ऐट होती. काउंटर उघडायच्या आधी हा हजर. पाऊस असो, ताप असो, हा हजर. बायकोच्या भावाचं लग्न परगावी झालं, बायको एकटी जाऊन आली. "भाऊ आले नाहीत तर दवाखाना उघडत नाही," असं डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, आणि भाऊ "छे हो, काहीतरीच" म्हणत दिवसभर हवेत तरंगायचा.

इंजिनिअर बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी घरी त्याने बायकोला निम्मीच हकीकत सांगितली. ती भडकलीच.

"म्हणजे मास्तरांच्या त्या एका शब्दापायी मी इतकी वर्षं अंधारात उठून डबा करतेय? आणि माणूस किती गोड बोलायचा! काम करताना लक्ष कुठे असायचं त्यांचं?"

"जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? तुमचं आपलं नेहमीचं जाऊ दे. भेटू देत, चांगली सुनावते."

भाऊ ताटाकडे बघत जेवला. दुसऱ्या दिवशी लवकर जायचं काही कारण नव्हतं, तरी गेला. जिन्याखालची खोली उघडली तर हिरवा दिवा आधीच लुकलुकत होता. खुर्चीवर बसला, उठला, परत बसला. मग उगीचच एका जुन्या कीबोर्डच्या बटणांतली धूळ काढत बसला.

पुढच्या आठवड्यात मास्तर ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला आले.

स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, बाकावर ताठ बसलेले. भाऊने त्यांना लांबून पाहिलं आणि एक्स-रेच्या खोलीकडे सटकायच्या बेतात होता, तेवढ्यात मोठे डॉक्टर केबिनमधून बाहेर आले.

"काय मास्तर! बरे सापडलात! अहो, तुम्ही आमच्या भाऊंना काय शिक्षा दिलीत राव! इतकी वर्षं सकाळचे धावत येतात बिचारे, तुमच्या एका 'नो'पायी!"

आसपासचे सगळे हसले. मास्तरही काय आहे ते न कळता हसले.

"कसला नो?"

डॉक्टरांनी हातवारे करून रंगवून सांगितलं. इंजिनिअर बाई, स्क्रीन, 'येस' लिहिल्याबरोबर पेटलेला दिवा. मास्तर ऐकत गेले आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"नाही हो," ते म्हणाले. "मी असं कसं करीन? माझ्या वेळी वीज कितीदा जायची. आली की सगळं आपोआप सुरू व्हायचं. मी कधी हात लावल्याचं..." आणि त्यांची नजर भाऊवर पडली. चेहरा उजळला. "हा होता की! सांग रे तू. आपल्या वेळी व्हायचं ना आपोआप?"

आता बघा, इतकी सोपी संधी देव कुणाला देत नाही. 'हो' म्हणायचं, बस. पण बाकावर पेशंट होते, काउंटरवाल्या ताई मान बाहेर काढून बघत होत्या, डॉक्टर हसत होते.

"आठवत नाही, मास्तर," भाऊ म्हणाला. "खूप वर्षं झाली."

"आठवत नाही?"

"नाही."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात संशय असता तरी भाऊला परवडला असता. पण ते डोळे त्याच्यावर नव्हतेच. ते आत कुठेतरी काहीतरी शोधत होते आणि ते सापडत नव्हतं.

"मग असेल," मास्तर हळू म्हणाले. "केलं असेल मीच. हल्ली नावं आठवत नाहीत, ते वयाने म्हणून सोडून देत होतो. पण तेव्हासुद्धा... म्हणजे कामावर असतानाच सुरू झालं होतं म्हणायचं."

"अहो मास्तर, गंमत केली मी," डॉक्टर म्हणाले.

"हो हो. गंमतच आहे," मास्तर म्हणाले, आणि गोळ्यांची चिठ्ठी हातात असताना सगळे खिसे चाचपायला लागले.

भाऊ त्या रात्री कूस बदलत पडला. लाजेलाही वजन असतं की काय, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटत होतं. सकाळी त्याने स्वतःची समजूत घातली. म्हातारा माणूस आहे, दोन दिवसांत विसरूनही जाईल. आपण काय विचार केला हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

पुढच्या वेळी गोळ्या न्यायला मास्तर आले नाहीत. सून आली. काउंटरवर पैसे भरताना भाऊला बघून थांबली.

"बाबा एकटे बाहेर पडत नाहीत हो आता," ती म्हणाली. "इथून परत आले त्या दिवसापासून काय घेतलंय मनात कोण जाणे."

"म्हणजे?"

"माझ्या मुलीला शाळेतून आणायचं काम त्यांचं. कधी चुकले नाहीत. दोघं गप्पा मारत यायचे, रस्त्यातल्या पाट्या वाचत वाचत. परवा म्हणाले, माझ्यावर सोपवू नका, मी पोरीला कुठेतरी विसरून येईन. मी म्हटलं, बाबा, असं काय बोलता? तर म्हणाले, नोकरीत असतानाच माझं डोकं जायला लागलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. पत्ताच नसतो तर भरवसा कसा धरायचा?" तिने पदराने कपाळ पुसलं. "मी कामावरून पळत जाऊन आणते तिला, त्याचं काही नाही. पण ती रोज विचारते, आजोबा माझ्यावर रागावलेत का?"

भाऊने मान हलवली. काहीतरी 'काळजी घ्या' वगैरे म्हणाला असेल. ती गेल्यावर तो जिन्याखालच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

घरी गेल्यावर त्याने बायकोला उरलेली निम्मी हकीकत सांगितली. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. इतके दिवस ती मास्तरांना जी दूषणं देत होती, ती सगळी आता घरातच परत आली होती.

"लग्नाला मी एकटी गेले," ती म्हणाली, "त्याचं मला वाईट वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण ते आपलं आपण बघू. त्यांना सांगितलंत का?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

"आधी डॉक्टरांना सांगतो. सगळ्यांसमोर झालंय, सगळ्यांसमोरच निस्तरायला हवं."

"ज्याच्या घरी जायचंय तिथे जायचं सोडून बाकी सगळीकडे जाल तुम्ही," बायको म्हणाली, आणि सुरी परत उचलली.

तरी तो आधी डॉक्टरांकडेच गेला. सकाळी केबिनमध्ये उभा राहिला. नोकरी जाईल, निदान मेमो तरी मिळेल, अशी तयारी करून गेला होता.

"डॉक्टरसाहेब, ते 'नो' मी लिहिलं होतं. मास्तरांनी नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो. दोनदा बोललो."

डॉक्टर सह्या करत होते. त्यांना कशाबद्दल बोलणं चाललंय हे कळायलाच वेळ लागला. कळल्यावर ते खो खो हसले.

"अहो भाऊ! म्हणजे स्वतःच कुलूप लावलंत आणि रोज येऊन स्वतःच उघडत होतात?"

"हो."

"कमाल आहे! बरं, मग? एक्स-रे नीट चाललाय ना? सोडा हो. कुणी लिहिलं त्याने काय फरक पडतो?"

"मास्तरांना फरक पडतोय."

"मग सांगून टाका त्यांना. हसतील तेही." डॉक्टरांनी पुढचा कागद ओढला. "बसा, चहा घ्या."

शिक्षा मागायला गेलेला माणूस चहा पिऊन बाहेर आला. जिथे भीती होती तिथे काहीच नव्हतं. इतक्याशा गोष्टीसाठी आपण त्या माणसाला बळी दिलं, हे कळल्यावर त्याची लाज कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

त्याच दुपारी तो मास्तरांकडे गेला. दार सुनेने उघडलं, ती नुकतीच मुलीला घेऊन आली होती. मुलगी दप्तर न काढताच आतल्या खोलीत गेली. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्याला बघून उठायला लागले.

"अरे ये, ये! बस. तू मला चष्मा लावल्याशिवायही ओळखू आलास बघ," ते म्हणाले. त्यांना त्याचं अप्रूप वाटलेलं पाहून भाऊला बसवेना. त्याने उभ्यानेच सुरुवात केली.

"मास्तर, ते 'नो' तुम्ही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. तुम्ही निवृत्त झालात त्या आठवड्यात. कपाटातलं दुसरं कार्ड लावून बघत होतो."

मास्तर पुढे सरकले. "कुठलं? ते जादा होतं ते?"

"तेच. दोन्ही एकदम सुरू व्हायची, म्हणून जुन्याचं आपोआप सुरू होणं बंद केलं. एका दिवसापुरतं. मग नवं काढलं..."

"आणि जुन्याचं परत 'येस' केलं नाहीस."

"विसरलो."

"पण मग दुसऱ्याच दिवशी कळलं असतं तुला."

"नाही मास्तर. तेव्हा मशीन कधी बंदच होत नव्हतं. मेन स्विच पाडायला लागले ते नंतर."

"बरोबर!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "स्विच पाडायला लागल्यावर ते उघडं पडलं!"

डोळ्यांत जुनी चमक आली होती. चूक कुठून निघाली आणि कुठे जाऊन फुटली, हे शोधून काढल्यावर त्यांचा चेहरा नेहमी असा व्हायचा. भाऊच्या छातीवरचं ओझं हललं. झालं, त्याला वाटलं. समजलं यांना. आता शिव्या घालतील, घालोत.

पण मास्तर हळूहळू खुर्चीत मागे टेकले आणि त्याच्याकडे बघून मायेने हसले.

"छान जुळवलंस," ते म्हणाले. "सगळं बसतंय. एकही टाका उसवत नाही."

"जुळवलं नाही मास्तर, खरं आहे."

"सुनेने सांगितलं ना तुला? दवाखान्यात भेटली होती म्हणाली."

"सांगितलं, पण मी म्हणतो ते..."

"हे बघ. त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर विचारलं. तुला माहीत असतं तर तू तिथेच बोलला असतास. समोर माझ्यावर खापर फुटतंय आणि तू गप्प बसशील? तू? अरे, मी तुला ओळखतो."

"मला लाज वाटली, मास्तर! म्हणून गप्प बसलो. खोटं बोललो मी!" त्याचा आवाज चढला. आतल्या खोलीच्या दारात सून येऊन उभी राहिली.

"लाज तुला कसली?" मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन काम उरकायचास. डॉक्टरांनीच सांगितलं की मला. आणि एका शब्दाने तक्रार केली नाहीस."

भाऊने तोंड उघडलं. डॉक्टरांना विचारा, म्हणायला गेला. पण डॉक्टरांनी काय सांगितलं असतं? सोडा हो. तो खाली बसला, मास्तरांच्या खुर्चीपाशी, जमिनीवर.

"शपथ घेऊन सांगतो," तो म्हणाला. "तुमचं डोकं चांगलं आहे. मघाशी बघा ना, मी अर्धं सांगितलं आणि पुढचं तुम्हीच सांगितलंत."

"ते तू समोर बसून सांगितलंस म्हणून." मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी आवाज खाली आणला, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. "मला एक सांग. आता लपवू नकोस, माझ्यासाठी म्हणून लपवलंस तेवढं पुरे. मी आणखी काय काय विसरत होतो?"

"काही नाही, मास्तर. काही नाही."

"असणार रे. एक सापडलं म्हणजे आणखीही असणार. मी निघून गेलो, आणि मागून तू सगळं निस्तरत बसलास. कुणाजवळ बोलला नाहीस. माझं नाव खाली पडू दिलं नाहीस."

आणि मास्तरांनी त्याच्यापुढे हात जोडले.

सर्व्हरभाऊने ते दोन्ही हात धरून खाली केले. मास्तरांनी ते पुन्हा जोडले.